न्यायाधीश तीन वर्षांचा, दावा पंधरा वर्षांचा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

तालुक्याच्या न्यायालयात दावा रखडला की पहिले बोट न्यायाधीशांकडे जाते. त्यांच्यावर वर्तमानपत्रात काही छापून आले तरी त्यांना उत्तर देता येत नाही. सेवानियम तसे आहेत आणि ते तसेच असावेत, कारण ज्यांच्यापुढे उद्या आपला वाद जाणार त्यांनी आज चारचौघांत मत देत फिरू नये. पण त्यामुळे या पदावरचा माणूस नेमके काय काम करतो, कसा निवडला जातो, कशावर त्याची बढती ठरते आणि त्याच्या नोकरीच्या रचनेतूनच विलंब कसा जन्माला येतो, हे लोकांपर्यंत पोहोचत नाही. रोज त्याच न्यायालयात उभे राहणारे आम्ही वकील ते सांगू शकतो, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. न्यायाधीशांची साधारण तीन वर्षांनी बदली होते. वाटपाचा दावा दहा-पंधरा वर्षे चालतो. म्हणजे एका दाव्यातून चार-पाच न्यायाधीश जातात. बदली थांबवा असे आम्ही म्हणत नाही. बदलीच्या वेळी होणारे नुकसान थांबवा असे म्हणतो, आणि त्यातले बरेचसे थांबवता येण्यासारखे आहे.

आधी निवडीबद्दल. पदाचे पूर्ण नाव दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. महाराष्ट्रात ही भरती लोकसेवा आयोगामार्फत होते : १०० गुणांची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षेत १००-१०० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि ५० गुणांची मुलाखत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ प्रमाणे नेमणूक राज्यपाल करतात, पण एकदा रुजू झाल्यावर बदली, रजा, बढती, शिस्त हे सगळे अनुच्छेद २३५ खाली उच्च न्यायालयाच्या हातात असते. आमदार, पालकमंत्री, जिल्हाधिकारी यांचा त्यावर काडीचाही अधिकार नाही. गावात अजूनही पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ‘साहेबांची बदली करून आणतो’ अशी भाषा ऐकू येते, म्हणून मुद्दाम लिहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या पदासाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आणली. अट नवी नाही. १९९३ च्या निकालाने ती आली होती, आणि शेट्टी आयोगाच्या (पहिल्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाच्या) शिफारशीनंतर २००२ मध्ये ती काढली गेली. मधल्या काळात कायद्याची पदवी घेऊन थेट परीक्षा देणारे, पंचविशीच्या आतले अनेक जण न्यायासनावर आले. त्यांतले काही उत्तम निघाले हे आम्ही स्वतः पाहिले आहे. तरीही अट परत आली याचे आम्ही स्वागत करतो. उलटतपासात साक्षीदार कधी गोंधळतो आणि कधी खोटे बोलतो, यातला फरक पुस्तकात शिकता येत नाही.

मात्र अट ज्या कागदावर सिद्ध होते तो कागद कच्चा आहे. न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची सही असलेले प्रमाणपत्र पुरते. तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायची. या तीन वर्षांत उमेदवाराने ज्येष्ठांच्या वतीने फक्त मुदत अर्ज (तारीख पुढे मागणारे अर्ज) दिले की चार साक्षीदार तपासले, हे प्रमाणपत्रात कुठेच दिसत नाही. आमची सूचना अशी की प्रमाणपत्रासोबत रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीच्या) किमान दहा प्रती जोडायला लावाव्यात, ज्यांत उमेदवाराने स्वतः साक्ष घेतल्याची किंवा अंतिम युक्तिवाद केल्याची नोंद असेल. रोजनामा न्यायालयाचा असतो. त्यात खाडाखोड करून अनुभव तयार करता येत नाही.

निवड झाली की प्रशिक्षण. त्याच निकालाने न्यायासनावर बसण्याआधी एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले आहे. महाराष्ट्रात ते भाईंदरजवळच्या उत्तन येथील न्यायिक अकादमीत आणि जिल्ह्यांतल्या न्यायालयांत होते. अकादमीत कायदा चांगला शिकवतात. शिकवायला राहते ते कचेरीचे काम : रजिस्टर कोणती, नाझराकडचा (न्यायालयाचे पैसे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडचा) हिशेब कसा तपासायचा, मुद्देमालाच्या खोलीत काय पाहायचे, बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याचा) अहवाल कसा वाचायचा. पहिल्या नेमणुकीत बहुतेक चुका इथेच होतात. नवे न्यायाधीश कलमे पाठ म्हणतात, पण समन्स बजावणीच्या अहवालावर ‘घर बंद’ असा शेरा आला की पुढची तारीख देऊन मोकळे होतात. खरे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नियम १७ प्रमाणे समन्स दारावर चिकटवता येते, आणि नियम १९ प्रमाणे बेलिफाला शपथेवर विचारून बजावणी झाली असे जाहीर करता येते. हे न केल्यामुळे एका समन्सापायी वर्ष जाते.

आता कामाबद्दल. एकच व्यक्ती सकाळी दंडाधिकारी असते आणि दुपारी दिवाणी न्यायाधीश. दंडाधिकारी म्हणून तीन वर्षांपर्यंतची कैद आणि, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ प्रमाणे, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा देता येते. दंडाची मर्यादा जुन्या संहितेत दहा हजार होती. धनादेश न वटल्याच्या तक्रारी, कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज, पोटगी, मारामाऱ्या, चोऱ्या, दारूबंदी, मोटार वाहन हे सगळे याच टेबलावर. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यामुळे जुनी प्रकरणे जुन्या संहितेने आणि नवी नव्या संहितेने चालवायची, दोन्हीची कलमे रोज शेजारी ठेवून.

यातले सर्वांत नाजूक काम म्हणजे रिमांड (अटकेतल्या आरोपीला कोठडीत ठेवायचे का हे ठरवणे), आणि त्याबद्दल लोकांना फार थोडे ठाऊक असते. अटक झाल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत पोलिसांनी आरोपीला न्यायाधीशांपुढे उभे करायचे असते. रविवार असो, दिवाळी असो. ‘पीसीआर (पोलीस कोठडी) सात दिवस’ असा अर्ज येतो आणि बाहेरच्याला वाटते की साहेबांनी सही केली की संपले. प्रत्यक्षात त्या दहा-पंधरा मिनिटांत पाहायचे बरेच असते. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिली का? महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ती तत्काळ देता आली नाहीत तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी मिळालीच पाहिजेत. नातेवाइकांना कळवले का? वैद्यकीय तपासणीचा कागद आहे का, आणि त्यावर लिहिलेल्या जखमा आरोपीच्या अंगावर दिसतात त्याच आहेत का? गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर नव्या संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस न देता अटकच का केली? केस डायरीत कालपासून तपास किती पुढे गेला? मग आरोपीला थेट प्रश्न : पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? हा प्रश्न पोलीस दोन पावले मागे सरकल्यावर, आरोपीच्या डोळ्यांत पाहून विचारला तर एक उत्तर येते. कागदावर मान खाली घालून विचारला तर नेहमी ‘नाही’ असेच येते.

नव्या संहितेत पोलीस कोठडीचे १५ दिवस सलग न घेता, गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात. त्यामुळे ‘एमसीआर’ (न्यायालयीन कोठडी) झाला की पोलीस कोठडी संपली, हे जुने गणित आता चालत नाही आणि आधी किती दिवस वापरले याचा हिशेब प्रत्येक रिमांड आदेशात लिहावा लागतो. तो लिहिला नाही तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी बसणाऱ्या दुसऱ्या न्यायाधीशांना अंधारात निर्णय घ्यावा लागतो. तसेच ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, आणि ते दिवस मोजताना रिमांडचा पहिला दिवसही धरायचा असतो. या एका दिवसाच्या चुकीमुळे माणूस बेकायदा आत राहू शकतो.

रिमांड झाले, दुपार झाली, आता दिवाणी काम. बोर्डावर (त्या दिवसाच्या यादीत) साठ-सत्तर प्रकरणे असणे नवलाचे नाही. पुकारा, हजेरी, मुदत अर्ज, वारस अर्ज यांत दीड-दोन तास जातात आणि साक्षीला उरतो तास-सव्वा तास. दिवाणी संहितेच्या आदेश १७ प्रमाणे एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असे आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला अपवादात्मक परिस्थितीची वाट मोकळी ठेवली. ही वाट आम्ही वकिलांनी राजरस्ता करून टाकली आहे. मुदत नाकारली की रिट याचिका, मुदत दिली की विलंब; मध्ये सापडलेल्या पंचविशी-तिशीतल्या न्यायाधीशांनी काय करावे? खर्चासह मुदत देणे हा मार्ग आहे, पण खर्च शंभर-दोनशे रुपयांचा असेल तर त्याने कोणाला फरक पडत नाही. समोरच्याचा साक्षीदार परगावाहून आला असेल तर त्याचा प्रवास आणि बुडालेली मजुरी धरून खर्च लावला तर पडतो.

तालुक्यातला नमुन्याचा वाटपाचा दावा घ्या. दोन भाऊ, तीन बहिणी, गावठाणातले घर आणि तीन गटांतली जमीन. दावा दाखल होतो, सोबत निशाणी ५ चा मनाई अर्ज. पहिले न्यायाधीश. एक प्रतिवादी मुंबईला, एक सुरतेला. समन्स बजावायला सहा-आठ महिने. कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) तीस दिवसांत, फार तर नव्वद दिवसांत द्यायची असते. निशाणी ५ वर आदेश होतो, त्यावर जिल्हा न्यायालयात अपील होते, आणि अपिलासाठी मूळ रेकॉर्ड वर मागवले जाते. रेकॉर्ड वर गेले की खाली दावा जागच्या जागी थांबतो. खरे तर अपिलाला प्रमाणित प्रती पुरतात, पण सवय तशी पडली आहे. अपील संपून रेकॉर्ड परत येईपर्यंत दुसरे न्यायाधीश आलेले असतात. ते मुद्दे काढतात, वादी सरतपासाचे (स्वतःच्या साक्षीचे) शपथपत्र देतो, उलटतपास अर्धा होतो. तेवढ्यात एक प्रतिवादी मयत होतो. वारस रेकॉर्डवर घ्यायला ९० दिवस. ते चुकले तर दावा त्याच्यापुरता रद्द होतो, तो रद्द आदेश काढून घ्यायला पुढचे ६० दिवस, तेही चुकले तर विलंब माफीचा अर्ज. मयताच्या मुलीचे सासर कोणते, तिचा पत्ता काय, यावर दोन तारखा. नव्या वारसांना पुन्हा समन्स. बांधाचा वाद जोडलेला असेल तर कोर्ट कमिशनर, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी, आणि उभे पीक असेल तर मोजणी पीक निघाल्यावर. तिसरे न्यायाधीश हे सगळे नव्याने वाचतात.

आणि यात कायदाही मध्येच बदलतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हिस्सेदार) केले, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले. २००५ ची केंद्राची दुरुस्ती आली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे. २००० च्या सुमारास दाखल झालेल्या दाव्यात हिश्श्यांची ही बेरीज-वजाबाकी तीनदा झाली आहे.

शेवटी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि पक्षकार पेढे वाटतो. पण त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. ते प्रकरण तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयात जाते आणि तिथे पुन्हा काही वर्षे. हा वेळही लोक न्यायाधीशांच्याच नावावर मांडतात, जरी तेव्हा फाइल न्यायालयात नसते. दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) सहा महिन्यांत संपवाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले आहे. महसूल खात्याकडे गेलेल्या वाटपांना तसाच कालावधी बांधून देण्याची गरज आहे.

आता बदली. कायद्याने बदलीने काम वाया जाऊ नये अशी सोय केलेली आहे. दिवाणी संहितेच्या आदेश १८ नियम १५ प्रमाणे आधीच्या न्यायाधीशांनी घेतलेली साक्ष नवे न्यायाधीश वापरू शकतात. आदेश २० नियम २ प्रमाणे आधीच्यांनी लिहून ठेवलेला पण जाहीर न केलेला निकाल नवे न्यायाधीश जाहीर करू शकतात. फौजदारीत तीच सोय आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६५ मध्ये आहे. तरीही तीन ठिकाणी गळती होते.

पहिली गळती अंतिम युक्तिवादाची. युक्तिवाद ऐकून निकालाला ठेवलेला दावा बदलीच्या आधी निकाली निघाला नाही तर युक्तिवाद पुन्हा ऐकावा लागतो. कायदा निकालाला तीस दिवस देतो, अपवाद म्हणून साठ. एप्रिलमध्ये युक्तिवाद ऐकायचे आणि उन्हाळी सुट्टीच्या आगेमागे बदलीचा आदेश यायचा, असे घडले की दोन्ही वकिलांचे आठवडे आणि पक्षकाराचे पैसे गेले.

दुसरी गळती धनादेशाच्या प्रकरणांत, आणि ती सर्वांत महागडी आहे. ही प्रकरणे परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेशांच्या कायद्याच्या) कलम १४३ प्रमाणे संक्षिप्त पद्धतीने चालतात. संक्षिप्त चौकशीत साक्षीचा फक्त गोषवारा लिहिलेला असतो, म्हणून आधीच्या दंडाधिकाऱ्यांनी घेतलेली साक्ष नव्यांना वापरता येत नाही, चौकशी पहिल्यापासून. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि २०१४ मध्ये असेही की प्रत्यक्षात साक्ष सविस्तर नोंदवली असेल, म्हणजे समन्स खटल्यासारखी चौकशी झाली असेल, तर पुन्हा सुरुवात करण्याची गरज नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की चौकशी नेमकी कोणत्या पद्धतीने झाली. आणि रोजनाम्यात ते लिहिलेलेच नसते! २०२१ च्या घटनापीठाच्या निर्देशाप्रमाणे संक्षिप्तवरून समन्स खटल्याकडे जाताना कारणांसह आदेश लिहायचा असतो. ती चार ओळींची नोंद नसल्यामुळे बदलीनंतर आरोपीचा वकील उभा राहतो, ‘साक्ष पुन्हा घ्या’ म्हणतो आणि सहा महिन्यांत संपावी अशी अपेक्षा असलेली तक्रार पाचव्या वर्षात जाते.

तिसरी गळती डोळ्यांना न दिसणारी. साक्षीदार पिंजऱ्यात कसा वागला हे साक्ष घेणाऱ्या न्यायाधीशांनीच पाहिलेले असते. प्रश्न विचारल्यावर तो मागे बसलेल्या भावाकडे पाहत होता का, सही दाखवल्यावर किती वेळ गप्प राहिला, हे साक्षीच्या कागदावर उतरत नाही. कायद्यात साक्षीदाराच्या वर्तनाची टीप लिहिण्याची तरतूद आहे. आमच्या पाहण्यात ती क्वचितच वापरली जाते. दोन वर्षांनी निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशांच्या हाती कोरडी प्रश्नोत्तरे उरतात.

बदली असावीच. एकाच गावात दहा वर्षे राहिलेल्या अधिकाऱ्याभोवती ओळखींचे जाळे होते आणि त्याचा त्रास सामान्य पक्षकाराला होतो. महादेव गोविंद रानडे पुण्यात सबजज्ज असताना सरकारला त्यांचा संशय आला आणि १८७८-७९ मध्ये त्यांना नाशिकला आणि तिथून धुळ्याला हलवले गेले. तेव्हा बदली सरकारच्या मर्जीवर होती. आज ती उच्च न्यायालयाच्या हाती, ठरलेल्या पाळीने होते. ही मोठी सुधारणा आहे आणि तिला धक्का लागू नये.

आता युनिटबद्दल. प्रत्येक न्यायाधीशांना महिन्याला ठरावीक कामाचा कोटा पूर्ण करावा लागतो. प्रत्येक निकाली प्रकरणाला ठरलेले युनिट मिळतात आणि त्यावर गोपनीय अहवालातला शेरा अवलंबून असतो. लढवून निकाली निघालेल्या प्रकरणाला जास्त युनिट असतात हे खरे. पण पाच खंडांची फाइल, अकरा साक्षीदार आणि चाळीस पानांचा निकाल यांना लागणारे दिवस आणि मिळणारे युनिट यांचे प्रमाण बसत नाही. म्हणून महिनाअखेरीला हात साहजिकच छोट्या प्रकरणांकडे जातो. गुन्हा कबूल केलेली वाहन प्रकरणे, लोकअदालतीतल्या तडजोडी, गैरहजेरीत काढून टाकलेल्या तक्रारी. आकडा भरतो आणि २००८ चा दावा पुन्हा पुढच्या महिन्यात जातो. न्यायाधीशांच्या मनात तसे नसते. मोजमापच तसे आहे. जुन्या दाव्यात नुसता निकालच नव्हे, तर पूर्ण झालेला प्रत्येक उलटतपास आणि रेकॉर्डवर घेतलेले वारस यांनाही युनिट दिले तर बदलून जाणारे न्यायाधीशही तो दावा पुढे ढकलून ठेवणार नाहीत, पुढे नेतील.

पगार आणि बढती यांबद्दल थोडेच. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर, १ जानेवारी २०१६ पासून, कनिष्ठ स्तराचे सुरुवातीचे मूळ वेतन ७७,८४० रुपये, वरिष्ठ स्तराचे १,११,०००, आणि जिल्हा न्यायाधीशांचे १,४४,८४० आहे. पैशाची तक्रार आता उरली नाही. बढतीची वाट मात्र लांब आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या जागांपैकी निम्म्या नेहमीच्या बढतीने, २५ टक्के मर्यादित विभागीय परीक्षेने आणि २५ टक्के थेट भरतीने भरायच्या असे २०२५ मध्ये पुन्हा ठरले. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला घटनापीठाने थेट भरतीचा दरवाजा सेवेतल्या न्यायाधीशांनाही उघडला : वकिली आणि न्यायिक सेवा मिळून सात वर्षे, वय किमान ३५. तालुक्यात बसलेल्या गुणी माणसाला हे उत्तेजन आहे. पण परीक्षेचा अभ्यास आणि निकाल लिहिणे दोन्ही रात्रीच होते, आणि लघुलेखकाची जागा रिकामी असेल तर निकाल स्वतः टंकित करावा लागतो, हे ध्यानात घ्यावे.

मनुष्यबळाचा प्रश्न सगळ्यांच्या मुळाशी आहेच. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असे सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यासाठी पाच वर्षे दिली, आणि आज आपण सुमारे २१ मंजूर जागांवर आहोत, त्यातल्याही काही रिकाम्या. हे आकडे बदलायला वर्षे लागतील. पुढे लिहितो ती कामे त्यासाठी अडलेली नाहीत.

बदल्यांच्या हंगामाआधी तीन महिने प्रत्येक न्यायालयाने अर्धवट ऐकलेल्या प्रकरणांची यादी काढावी. ज्यांत युक्तिवाद झाला आहे ती सर्व कार्यभार सोडण्याआधी निकाली काढावीत किंवा निकाल लिहून ठेवावा. ज्यांत उलटतपास अर्धा आहे तो पूर्ण करावा आणि त्या काळात नवा मोठा साक्षीदार उघडू नये. बदलून जाणाऱ्या न्यायाधीशांनी दहा वर्षांपुढच्या प्रत्येक दाव्यावर एका पानाची टीप ठेवावी : टप्पा कोणता, कोणते अर्ज प्रलंबित, कोण मयत, कोणते समन्स बाकी, रेकॉर्ड कुठे. मत नको, फक्त स्थिती. नव्या न्यायाधीशांना दहा तारखांत जे कळते ते पहिल्या आठवड्यात कळेल. धनादेशाच्या प्रत्येक प्रकरणात आरोपीला गुन्हा कबूल आहे का हे नोंदवतानाच संक्षिप्त की समन्स पद्धत, हा आदेश लिहिला जावा. तक्रारदाराच्या वकिलाने तो झाला की नाही हे त्याच दिवशी रोजनाम्यात पाहावे. रिमांडची वेळ शक्य तिथे दुपारी ठरवून द्यावी, म्हणजे बाहेरगावचा साक्षीदार पोलिसांच्या गाडीची वाट पाहत बसणार नाही. आणि बेलिफांच्या रिकाम्या जागा आधी भराव्यात. न्यायाधीशांची एक जागा वाढवण्याइतका खर्च नाही, आणि समन्स वेळेत बजावले गेले तर दाव्याचे पहिले वर्ष वाचते.

वकील संघांनीही आपल्याकडून दोन गोष्टी ठरवाव्यात. युक्तिवाद नेहमी लेखीही द्यावा, आदेश १८ मध्ये तशी तरतूद आहे. बदली झाली तर तो फाइलमध्ये राहतो आणि नव्या न्यायाधीशांपुढचा तोंडी युक्तिवाद तासाभरात संपतो. आणि रेकॉर्ड अपिलात वर जाणार असेल तर खालच्या न्यायालयात प्रतींचा संच ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

ज्या पक्षकारांचे दावे जुने आहेत त्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या प्रकरणाचा टप्पा आणि मागच्या तारखांचे रोजनामे पाहावेत. एकाच टप्प्यावर पाच-सहा तारखा पडल्या असतील तर त्या का पडल्या हे आपल्या वकिलाला विचारावे. पासष्टीच्या पुढचा पक्षकार असेल तर वयाचा पुरावा जोडून प्राधान्याने चालवण्याचा अर्ज द्यावा, आणि नवे न्यायाधीश रुजू झाल्यावरच्या पहिल्याच तारखेला तो अर्ज त्यांच्या नजरेस आणावा.

आपले,
तालुका न्यायालयात दिवाणी व फौजदारी काम करणारे काही वकील